बारा वेशींचे नगर

शास्त्रपाठ : प्रकटीकरण ७:९–१७ व २१:१०–२७. सोबत वाचावे : प्रेषितांची कृत्ये २:१–१३ व ६:१–७, गलतीकरांस २:११–१४, इब्री १३:१२–१४.

स्वर्गाविषयी आपल्या मंडळ्यांत जितके गाइले जाते तितका विचार केला जात नाही. मर्तिकाच्या वेळी, आजाऱ्याच्या उशाशी, दुष्काळाच्या साली आपण त्या देशाचे नाव घेतो, आणि त्यापासून दुःखितांस समाधान लाभते, हे योग्यच आहे. परंतु त्या देशाची वस्ती कोणाची, तेथे शेजार कोणाचा, बोली कोणती, पंक्तीस कोण, असे कोणी विचारले तर पुष्कळांस उत्तर सुचत नाही. कित्येकांची समजूत अशी की, तेथे सर्व माणसे एकाच साच्यातून काढलेल्या विटांप्रमाणे सारखी होतील. दुसऱ्या कित्येकांची, ते उघड बोलत नसले तरी, समजूत अशी की, तेथे सर्व लोक आपल्यासारखे होतील. म्हणजे आपली भाषा बोलतील, आपल्या चालीवर गातील, आणि आपल्या घरच्या रीतीने जेवतील. ह्या दोन्ही समजुतींस शास्त्राचा आधार आहे की नाही, हे आज आपणांस तपासून पाहावयाचे आहे.

हा विषय खेड्यातील मंडळीस दूरचा वाटेल. परंतु तो आपल्या दाराशी रोज येऊन उभा राहतो. दिवाळी सरली की साखर कारखान्यांच्या भोवताली कोप्या उभ्या राहतात. बीडकडील टोळ्या येतात, नंदुरबारकडील भिल्ल व पावरा लोक येतात. त्यांचा मुकादम एक बोली बोलतो, बायका दुसरी बोलतात, आणि गावचा दुकानदार त्या दोहोंस हसतो. सोलापुरास गेलेल्या वाचकांस ठाऊक आहे की, तेथे तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, कानडी बोलणारे व्यापारी व शेतकरी, उर्दू बोलणारे मुसलमान आणि मराठी लोक एकाच बाजारात भाजी घेतात, आणि भावाची घासाघीस चार भाषांत चालते. मिरजेस डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या मिशन दवाखान्यात तर कृष्णेच्या दोन्ही तीरांवरची व गोव्याकडचीही माणसे खाटेला खाट लावून निजत आली. कण्हणे मात्र सर्वांचे सारखेच.

बरे, मराठी म्हणवणारे आपण तरी एकसारखे आहो काय? वऱ्हाडातला मनुष्य बोलू लागला की कोकणातला कान टवकारतो. खानदेशातील अहिराणी घाटावरच्या मनुष्यास निम्मी कळते, निम्मी अंदाजाने घ्यावी लागते. वसईकडील ख्रिस्ती लोकांची सामवेदी बोली तर पुण्याच्या पंडितासही कोड्यात घालील. ह्याहूनही नवलाची गोष्ट कोकणातील बेने इस्राएल लोकांची आहे. ते यहूदी, पण पिढ्यानुपिढ्या त्यांची घरची भाषा मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. जुन्या करारातील पुरुषांची चरित्रे त्यांनी मराठी कीर्तनांत घातली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील पुष्कळ तिकडे जाऊन राहिले, आणि तेथेही वडीलधाऱ्यांच्या तोंडी मराठी राहिली. अब्राहामाच्या वंशजांस जर मराठी परकी वाटली नाही, तर अब्राहामाच्या देवास ती परकी वाटेल काय?

हा प्रश्न आम्ही केवळ शोभेसाठी विचारत नाही. कारखान्यावर आलेल्या एका टोळीतील वृद्ध बाईने उपासना आटोपल्यावर आम्हांस थांबवून विचारले, "पाळकसायब, तुमी सांगितलं त्या नगरात मला समद्यांचं बोलणं कळंल का वो? हितं कारखान्यावरचं अर्धं कळत न्हाई, अन् आमचं बोलणं ऐकून लोक हसत्यात." आम्ही म्हणालो, "आजी, तिथं तुमच्या बोलण्याला कोणी हसणार नाही." त्यावर ती म्हणाली, "मंग झालं." तिचे समाधान झाले; परंतु तिने विचारलेली गोष्ट किती खोल आहे, हे उपदेशक बंधूंनी ध्यानात घ्यावे. तिला सोन्याचे रस्ते नको होते. आपण तेथे परकी ठरणार नाही ना, एवढेच तिला पाहिजे होते.

ह्याचे उत्तर पेन्टेकॉस्टच्या दिवशी देवाने स्वतः दिले आहे. त्या दिवशी यरुशलेमेत कोण कोण होते, ही यादी लूकाने प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात नवव्या ते अकराव्या वचनांत दिली आहे : पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेम्या, यहूदीया, कप्पदुकिया, पंत, आशिया, फ्रुगिया, पंफुल्या, मिसर, लिबिया, रोम येथील लोक, क्रेतीय व अरब. ही नावे वर्गात वाचताना जीभ अडखळते म्हणून पुष्कळ वाचक ती गाळून पुढे जातात. तसे करू नये. लूकाने ती गाळली नाहीत, ह्यातच त्या दिवसाचा अर्थ आहे. आता विचार करा : हे सर्व लोक सणासाठी आलेले यहूदी व यहूदी मतानुसारी होते; त्यांपैकी पुष्कळांचे काम ग्रीक किंवा अरामी भाषेत भागले असते. देवाची इच्छा असती तर त्याने सर्वांच्या कानांस एकच भाषा समजण्याची शक्ती दिली असती. पण त्याने उलट केले. ऐकणाऱ्यांस आपली भाषा सोडावी लागली नाही. बोलणाऱ्यांस दुसऱ्यांची भाषा बोलावी लागली. ज्यांच्या हाती सुवार्ता होती त्यांसच देवाने परक्याच्या घरी नेले, परक्यास आपल्या घरी बोलावून वाकावयास लावले नाही.

आणि ते बोलणारे कोण होते? गालीलकर. गालील म्हणजे यरुशलेमकरांच्या दृष्टीने खेडवळ मुलूख. प्रभूला धरले त्या रात्री अंगणात पेत्राची ओळख पटली ती त्याच्या बोलण्यावरून, हे मत्तय २६:७३ वरून आपणांस ठाऊक आहे. ज्या बोलण्यामुळे तो त्या रात्री उघडा पडला, त्याच बोलण्याच्या मनुष्यांस पन्नासएक दिवसांनी पवित्र आत्म्याने जगाच्या भाषा दिल्या. शहरात गेल्यावर आपल्या बोलीची लाज धरणाऱ्या तरुणांनी हे विसरू नये. (आणि शहरातून परत आलेल्यांनी गावच्या बोलीची चेष्टा करू नये, हेही येथेच सांगून टाकतो.)

बाबेलच्या बुरुजाविषयी येथे एक शंका निघते. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात भाषांचा घोटाळा हा देवाचा दंड होता. मग पुष्कळ भाषा असणे हे पापाचे फळ नव्हे काय? परंतु त्या अध्यायाच्या आधीचा दहावा अध्याय उघडून पाहा. तेथे नोहाच्या पुत्रांची कुळे आपापल्या देशांत, आपापल्या भाषांप्रमाणे पसरली असे तीनदा सांगितले आहे, आणि तेथे दंडाचा शब्दही नाही. उलट पृथ्वी भरून टाकावी ही देवाची आज्ञाच होती. बाबेलच्या लोकांचा दोष, एका ठिकाणी तळ ठोकून स्वतःचे नाव करावे व पांगू नये, हा होता. म्हणजे जी एकता माणसे आपल्या मोठेपणासाठी विटा रचून उभारतात, ती देवाने मोडली. पेन्टेकॉस्टच्या दिवशी त्याने दिलेली एकता निराळी आहे. तीत भाषा पुष्कळच राहिल्या, पण समजूत एक झाली.

आता योहानाच्या दर्शनाकडे वळू. सातव्या अध्यायाच्या नवव्या वचनात तो कोणास मोजता येणार नाही असा मोठा समुदाय पाहतो. ते लोक पांढरे झगे घातलेले, हाती झावळ्या घेतलेले, राजासनापुढे व कोकऱ्यापुढे उभे आहेत. ते कोठले, हे सांगण्यास त्याने चार शब्द वापरले आहेत : राष्ट्र, वंश, लोक व भाषा. आम्ही उपदेशक बंधूंस विचारतो, योहानास हे कळले कसे? समुदाय तर अगणित. प्रत्येकास तू कोठला असे विचारण्यास वेळ नव्हता. अर्थात् पाहता क्षणीच, किंवा ऐकता क्षणीच, ते निरनिराळ्या राष्ट्रांचे आहेत हे त्यास ओळखू आले. झगे सर्वांचे पांढरे, पण ते घालणारी माणसे एकसारखी झाली नव्हती. झगा पांढरा झाला तो कोकऱ्याच्या रक्तात, असे चौदावे वचन सांगते. तेथे सर्वांचा मार्ग एकच आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे तारण सर्वांस सारखे करते ते इतकेच : सर्वांस ते फुकट मिळाले, आणि कोणासही ते आपल्या कुळामुळे मिळाले नाही.

राष्ट्र, वंश, लोक, भाषा हा चौकडा प्रकटीकरणाच्या पुस्तकात थोड्याफार फरकाने सात वेळा येतो : ५:९, ७:९, १०:११, ११:९, १३:७, १४:६ व १७:१५. वर्गात ही सातही स्थळे शोधून काढावीत. असे केल्याने एक गोष्ट नजरेस येईल जी आम्ही पुष्कळ चांगल्या उपदेशांतही ऐकली नाही. ती ही की, तेराव्या अध्यायात सर्व वंशांवर व भाषांवर अधिकार चालवणारा श्वापद आहे, आणि सतराव्यात त्या सर्वांवर बसलेली बाबेल आहे. तेव्हा पुष्कळ जातींचे लोक एका छत्राखाली आले एवढ्यावरून तेथे देवाचे राज्य आले असे होत नाही. बादशहांनीही पुष्कळ राष्ट्रे एकत्र आणली. आज बाजारही आणतो. आपल्या गावात मुंबईचा माल येतो, परदेशचा येतो, आणि मोबाइलवर सर्व देशांची गाणी ऐकू येतात. परंतु ह्याने शेजारी शेजाऱ्याच्या घरी जेवू लागला काय? श्वापद लोकांस कपाळावर व हातावर खूण करून एक करतो. कोकरा त्यांस आपल्या रक्ताने विकत घेऊन एक करतो, आणि त्यांच्या डोळ्यांचे अश्रू पुसले जातात.

ह्यानंतर एकविसावा अध्याय. त्या नगराचा तट, पाये, रत्ने ह्यांचे वर्णन आपणांस परिचित आहे. आम्ही त्यांवर थांबत नाही. आम्हांस वाचकांचे लक्ष वेशींकडे वेधावयाचे आहे. आपल्या मराठी शास्त्रात तेथे 'वेशी' हाच शब्द घातला आहे, आणि भाषांतर करणाऱ्यांचे आम्ही त्याबद्दल आभार मानतो. कारण वेस म्हणजे काय हे खेड्यातल्या मनुष्यास सांगावे लागत नाही.

पूर्वी आपल्या गावांस कुसू असे आणि कुसवास वेस असे. सूर्य मावळल्यावर वेस बंद होई. वेशीची राखण वेसकराकडे, आणि वेसकर बहुधा महार असे. गावाची राखण त्याने करावी, गावची शीव त्याने दाखवावी, मर्तिकाचा निरोप त्याने पोहोचवावा. पण त्याचे घर मात्र कुसवाच्या आत नसावे. महारवाडा व मांगवाडा बाहेर, तेही ठरवून दिलेल्या दिशेस. वेस ज्याने राखली त्यासच वेस बंद होती! हे वाचताना आमच्या पुष्कळ वाचकांस आपल्या आजोबा-पणजोबांचे स्मरण होईल. महार वतन १९५८ च्या कायद्याने रद्द झाले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. आणि वस्त्यांची जातिवाचक नावे बदलावी असे महाराष्ट्र सरकारने २०२० साली ठरविले. ह्या सर्व गोष्टींबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. तथापि पाटी बदलली म्हणजे वाट बदलली असे नाही, हे जे तेथे राहतात त्यांस कोणी शिकवावयास नको.

आता ते नगर पाहा. त्यास वेस एक नाही, बारा आहेत. पूर्वेस तीन, उत्तरेस तीन, दक्षिणेस तीन, पश्चिमेस तीन. अमुक लोकांनी अमुक दिशेस राहावे असे तेथे काही नाही. ज्या दिशेने जो येईल त्या दिशेस त्याच्यासाठी वेस आहे. लूक १३:२९ मध्ये प्रभूनेही पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण ह्या चारही दिशांनी लोक येऊन देवाच्या राज्यात पंक्तीस बसतील असे म्हटले आहे. वेशींवर देवदूत उभे आहेत. एदेन बागेच्या वाटेवरही करूब ठेवले होते, पण ते वाट अडवण्यास, ज्वालारूप तरवारीसह. येथे तरवारीचे नाव नाही. आणि पंचविसावे वचन सांगते की, त्या वेशी दिवसा कधी बंद होत नाहीत, आणि रात्र तर तेथे नाहीच. वेस बंद करण्याची वेळच त्या नगरात येत नाही.

ह्याच्या शेजारी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील तेराव्या अध्यायाचे बारावे वचन ठेवा. प्रभू येशूने कोठे दुःख सोसले? वेशीबाहेर. येथेही तोच शब्द. यरुशलेमच्या प्रतिष्ठितांनी त्यास नगराच्या आत मरू दिले नाही. जेथे विटाळ टाकावयाचा तेथे त्याचा वध केला. आणि पुढच्याच वचनांत, आपणही बाहेर त्याच्याकडे जावे, कारण येथे आपले नगर टिकणारे नाही, आपण येणाऱ्या नगराची वाट पाहत आहो, असा बोध आहे. ज्यांचे पूर्वज पिढ्यानुपिढ्या वेशीबाहेर राहिले त्या आपल्या लोकांनी हे वचन कोणत्या अंतःकरणाने वाचावे! राजा आमच्या वस्तीत येऊन मेला. आणि ज्याने वेशीबाहेर मरण सोसले, त्याच्या नगराच्या वेशी उघड्या असाव्यात, ह्यात नवल ते काय?

पण उघड्या वेशींतून सर्वच आत जाते असे नाही. सव्विसावे वचन म्हणते की, राष्ट्रांचे वैभव व प्रतिष्ठा त्या नगरात आणतील. आणि लागलीच सत्ताविसावे म्हणते की, निषिद्ध असे काही आत जाणार नाही. ही दोन वचने एकमेकांस लागून आहेत, ती तोडू नयेत. आपल्या लोकांच्या चालीरीतींतील काही त्या वैभवात जाईल, काही वेशीवरच राहील. कोणते काय, हे ठरवताना आपल्या वडिलांनी पुष्कळ श्रम घेतले आहेत. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली ते प्रभूकडे गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी अभंग, ओवी, भजन व कीर्तन ही मराठी देशाची संपत्ती ख्रिस्ताच्या चरणी आणली. टाळ हा पंढरीचा, तो मंदिरात कसा चालेल, असे म्हणणारे अजूनही कोठे कोठे भेटतात. त्यांस आम्ही इतकेच विचारतो की, पेटी कोणत्या शास्त्रवचनाने पवित्र झाली? पंडिता रमाबाई यांनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचवलेल्या मराठी, हिंदी व गुजराती मुलींस एका छपराखाली सांभाळले. आणि १९२२ साली मृत्यू येण्याच्या आधी साध्या बायकांस कळावे अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर पुरे केले. संस्कृताची ती पंडिता, पण तिने शास्त्र सजवले नाही, सोपे केले. असे धन त्या नगरात जाईल अशी आमची आशा आहे.

येथे एक विचारी मनुष्य उठून म्हणेल, "देव जर राष्ट्रे व भाषा स्वर्गात राखतो, तर जातीही त्यानेच राखल्या असे का म्हणू नये? तीही एक विविधताच." हे बोलणे आम्ही ख्रिस्ती घरांतही ऐकले आहे, आणि ते ऐकून हसण्यासारखे नाही, त्याचे उत्तर दिले पाहिजे. भाषा दुसऱ्यास देता येते. कानडी बाई मराठी घरात सून होऊन आली की वर्षभरात मराठी बोलते, आणि तिची मुले दोन्ही बोलतात. त्याने कानडीचे काही उणे होत नाही. गाणे, शेतीची रीत, भाकरी थापण्याची हातोटी, हे सर्व एकाने दुसऱ्यास दिले तरी पहिल्याजवळ उरतेच. जातीचे तसे नाही. जात म्हणजे न देणे. पाणी न देणे, पंक्त न देणे, लेक न देणे, ह्या नकारांवाचून जातीत दुसरे काय उरते, ते कोणी दाखवावे. जी वस्तू बंद वेशीवरच जगते, ती ज्या नगराची वेस कधी बंद होत नाही तेथे कशी जगेल? तेव्हा देव राष्ट्रांचे धन राखतो, पण त्यांच्या भिंती राखीत नाही. इफिसकरांस २:१४ प्रमाणे तसली मधली भिंत ख्रिस्ताने आपल्या देहाने पाडली आहे.

आणि खरे सांगावयाचे तर ही भिंत आपल्या बाहेरच्यांनीच बांधली असे नाही. महारांतून आलेले ख्रिस्ती व मांगांतून आलेले ख्रिस्ती ह्यांची अढी आमच्या मंडळ्यांच्या जुन्या इतिहासात लपवण्याजोगी नाही. एकाच गावी प्रभुभोजनाचा प्याला कोणी आधी घ्यावा ह्यावरून रुसवे झाले. आजही सोयरीक करताना, "ख्रिस्ती आहात ते कळले, पण मूळचे कोण?" असा प्रश्न हळूच विचारला जातो; आणि विचारणारा मनुष्य रविवारी स्वर्गाचे गीत मोठ्याने गातो. बेथेलची गोष्ट अशा वेळी आठवावी. रेव्ह. नारायण शेषाद्री ब्राह्मण कुळातले. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे जालन्याजवळ बेथेल गाव वसवून मांग व महार ह्यांच्यामध्ये आपले आयुष्य वेचले. वेशीच्या आतला मनुष्य आपण होऊन वेशीबाहेर राहावयास गेला. मग बाहेरच्यांनी आपसांत नवी वेस बांधावी, हे कसे शोभेल?

पहिल्या मंडळीतही हे दुखणे होते, आणि ते अन्नावरूनच निघाले. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होई, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस दटावले नाही, किंवा "आपण सर्व एकच आहो" असा उपदेश करून सभा विसर्जित केली नाही. त्यांनी सात माणसे निवडावयास सांगितले, आणि निवडलेल्या सातांची नावे पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना व निकलाव. सातही नावे ग्रीक, आणि शेवटचा तर अंत्युखियाचा, यहूदी मतात आलेला परका. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, असे दिसते की, त्यांच्याच माणसांच्या हाती पळी दिली गेली. आणि सातवे वचन सांगते की, त्यानंतर देवाच्या वचनाचा प्रसार झाला व शिष्यांची संख्या फार वाढली.

ह्याच्या उलट अंत्युखियात काय झाले ते गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वाचा. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही लोक येताच तो मागे सरला. यापोच्या धाब्यावर ज्याने ती चादर तीनदा पाहिली होती, तोच! त्याने कोणास वाईट शब्द बोलला नाही, मत बदलल्याचे सांगितले नाही. केवळ आपली पंक्त बदलली. पौलाने त्यास सर्वांसमोर अडवले, आणि हे सुवार्तेच्या सत्यास धरून नाही असे म्हटले. पंक्तीची गोष्ट शिष्टाचाराची नव्हे, सुवार्तेची आहे, असा पौलाचा निवाडा आहे. आम्हांसही तो मान्य केला पाहिजे, जरी त्यामुळे आमच्या काही सोयऱ्याधायऱ्यांस राग आला.

कोणी योहान १४:२ चा आधार घेऊन म्हणतात की, पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत, तेव्हा तेथेही ज्याची त्याची खोली वेगळी असेल. हा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे. घर एकच आहे, आणि पुष्कळ जागा म्हणजे कोणास जागा नाही म्हणून परत पाठवले जाणार नाही. पुढच्याच वचनात प्रभू आपल्या लोकांस स्वतःजवळ घेणार, तो जेथे तेथेच तेही असणार, असे वचन देतो. वाडे वेगळे करण्याचा तेथे गंधही नाही.

वर्ग घेणाऱ्यांस सूचना. हा पाठ एका रविवारी संपवू नये. पहिल्या रविवारी वेशींचा भाग घ्यावा, आणि वर्गातील वडील माणसांस आपल्या गावची वेस कोठे होती, आपले घर तिच्या कोणत्या बाजूस होते, हे सांगू द्यावे. मध्ये बोलू नये. दुसऱ्या रविवारी ती सात ग्रीक नावे सर्वांकडून पाठ म्हणवून घ्यावीत. मग नाताळच्या प्रीतिभोजनात वाढपी कोण असावेत, प्रभुभोजनाच्या दिवशी प्याला कोणी फिरवावा, ह्यांची यादी तेथल्या तेथे करावी. यादी करण्यापूर्वी कारखान्याच्या कोप्यांकडे निरोप पाठवावा, आणि तिकडील निदान दोन बंधुभगिनी येऊन बसल्यावाचून लेखणी हाती घेऊ नये. त्यांची बोली कोणास कळत नसेल तर पुन्हा विचारावे. घाई करू नये.